इमारत ४० मीटर की १२०? अकरावी फिजिक्स, गतीची गणितं, मदत हवी

खारीगावकरीण | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार. धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मुलगा अकरावी सायन्सला आहे, राज्य मंडळ. दहावीपर्यंत सेमी इंग्लिश, विज्ञानात नव्वदच्या खाली कधी आला नाही. आता 'मोशन इन अ प्लेन' आणि 'लॉज ऑफ मोशन' या दोन धड्यांत गाडी पार रुतलीय. क्लासच्या चाचणीत २५ पैकी ६. क्लास ठाणे स्टेशनजवळचा, नाव लिहीत नाही. एका वर्गात ऐंशी मुलं. शंका विचारायला वेगळं काउंटर आहे, तिथे तिकीट खिडकीसारखी रांग असते आणि आपला नंबर येईपर्यंत कळव्याची गाडी सुटलेली असते.

मी बी.कॉम. नवरा फिरतीवर. तरी काल रात्री वही उघडली. प्रत्येक गणितात आधी सूत्र, त्याखाली आकडे, त्याखाली उत्तर. एकही आकृती नाही. विचारलं तर म्हणाला, "आकृतीला मार्क नसतात. सरांनी टाइप पाडून दिलेत, या टाइपला हे सूत्र."

एक गणित नमुन्यादाखल देते. इमारतीच्या गच्चीवरून चेंडू सरळ वर १० मी/से वेगाने फेकला, तो ४ सेकंदांनी खाली जमिनीवर पडला, तर इमारतीची उंची किती? जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, १० घ्यायचा. याने केलं: यू (सुरुवातीचा वेग) गुणिले टी (वेळ) ४०, अधिक अर्धा जी टी वर्ग ८०, एकूण १२० मीटर. मागे उत्तर ४० आहे. हा म्हणतो छपाईची चूक.

घरी येऊन शिकवणारे सर बघू का? की क्लास बदलू? फीचा दुसरा हप्ता भरून झालाय, तेही आहेच.

---

प्रतीक्षा_यादी | शनिवार, रात्री ११:०५

ताई, घरचे सर लावा आणि सुटा. आमच्या कन्येला वाशीत एकजण येतात, सोसायटीतली पाच मुलं एकत्र बसतात. आणि उत्तर ४०च आहे, पुस्तक बरोबर आहे. मायनस साइन विसरलाय.

---

चहाबाज | शनिवार, रात्री ११:११

१२० मीटर म्हणजे चाळीस मजले. घोडबंदरच्या बिल्डरला हे गणित दाखवू नका, जाहिरातीत टाकेल.

---

फळा_खडू | रविवार, सकाळी ६:५०

ताई, मी नौपाड्यात राहतो. तीस वर्षं शाळेत विज्ञान आणि गणित शिकवलं, आता निवृत्त. "मायनस साइन विसरलाय" हे निदान चुकीचं नाही, पण त्याने मुलाला काही मिळत नाही. पुढच्या वेळी तो मायनस लावेल, आणि जिथे नको तिथेही लावेल.

आधी त्याच्या १२० कडे नीट बघा. हे उत्तर खोटं नाही. तो चेंडू वर न फेकता सरळ खाली १० मी/से ने फेकला असता आणि चार सेकंदांनी जमिनीवर पडला असता, तर इमारत बरोबर १२० मीटरच निघाली असती. म्हणजे मुलाने गणित बरोबर सोडवलंय, फक्त दुसरंच. हे त्याला सांगा. चेहरा कसा होतो ते बघा.

आता ४० आणि ८० हे आकडे काय आहेत ते बघू. गुरुत्वाकर्षण नसतं तर चेंडू चार सेकंदांत गच्चीच्या ४० मीटर वर गेला असता. तेवढ्याच चार सेकंदांत गुरुत्वाकर्षणाने त्याला ८० मीटर खाली आणलं. चाळीस वर, ऐंशी खाली. मग चेंडू कुठे आहे? गच्चीच्या ४० मीटर खाली. तिथे जमीन आहे. झालं. सूत्रातली दोन पदं म्हणजे या दोन गोष्टी आहेत, आणि मुलांना हे कोणी सांगत नाही म्हणून त्यांना ती नुसती पाठ करायची अक्षरं वाटतात.

पडताळाही करून घ्या. १० ने वर गेलेला चेंडू एका सेकंदात थांबतो, तोवर ५ मीटर चढतो. उरलेल्या ३ सेकंदांत शून्यापासून खाली येतो, म्हणजे अर्धा गुणिले १० गुणिले ९, ४५ मीटर. ४५ मधून वरचे ५ गेले, ४०. दोन वाटांनी गेलं आणि एकाच दारात पोचलं की पुस्तक चुकलंय का हे पुस्तकालाही विचारावं लागत नाही.

तुम्ही बी.कॉम. आहात ही अडचण नाही, उलट सोय आहे. तुम्हाला उत्तर येत नाही, त्यामुळे तुम्ही ते चटकन सांगून टाकणार नाही. गणित वाचून झालं की पेन खाली ठेवायला लावा आणि फक्त तीन प्रश्न विचारा. वस्तू कुठून निघाली आणि कुठे पोचली, बोटाने दाखव. कोणती दिशा अधिक धरलीस, बाण काढ. आणि या सगळ्या वेळात काय बदलत नाहीये? या गणितात शेवटच्याचं उत्तर त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर. वर जाताना, वर थांबल्यावर, खाली येताना, कायम १० आणि कायम खालच्या बाजूला. तिन्हींची उत्तरं मराठीत, तोंडाने. मगच सूत्र.

---

खारीगावकरीण | रविवार, सकाळी ९:३०

सर, "तुझं उत्तर दुसऱ्या गणिताचं बरोबर उत्तर आहे" हे सांगितलं. आधी हसला. मग वही ओढून घेतली आणि स्वतःच खाली फेकायचं गणित करून बघितलं. पोहे गार झाले. धन्यवाद.

एक शंका माझी. वर थांबल्यावरही त्वरण १० कसं? थांबलाय ना तो?

---

फळा_खडू | रविवार, सकाळी ९:५५

अहो, हाच प्रश्न विचारायला मुलं लाजतात आणि बारावीपर्यंत चुकत राहतात. त्या क्षणी वेग शून्य आहे, त्वरण शून्य नाही. समजा, वर पोचल्यावर त्वरणही शून्य झालं. मग वेग बदलायला कारणच उरलं नाही. वेग शून्य आहे तो शून्यच राहणार. चेंडू तिथेच अधांतरी लटकून राहील आणि तुम्हाला गच्चीवर शिडी लावून काढावा लागेल. तो खाली येतो, यावरूनच समजा की त्वरण हजर होतं.

---

सानपाडा_सव्वासात | रविवार, सकाळी १०:२०

जी १० घेतला म्हणून ४०. खरा ९.८ घेतला तर ३८.४ येतात. नुसती माहिती.

---

माजी_मोटरमन | रविवार, दुपारी १:१५

या धाग्यावर लिहायचा मोह आवरला नाही. मध्य रेल्वेवर लोकल चालवली, रिटायर होऊन काही वर्षं झाली. फिजिक्स बारावीला कसंबसं पास केलं होतं, ते कळलं मात्र कॅबमध्ये बसल्यावर.

पोराला सांगा, गाडीचा आलेख काढ. आडवा वेळ, उभा वेग. स्टेशनातून सुटली, अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने ४० सेकंद वेग घेतला. वेग झाला २० मी/से, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. मग ६० सेकंद तोच वेग. मग ब्रेक, २५ सेकंदांत उभी. आकडे सोपे पडावेत म्हणून धरलेत, पण लोकलच्या बाहेरचे नाहीत.

आता दोन स्टेशनांतलं अंतर किती? सूत्र तीनदा लावता येईल. पण आलेखाकडे बघा, समलंब चौकोन झालाय. खालची बाजू १२५, वरची ६०, उंची २०. क्षेत्रफळ १८५० मीटर. संपलं. तुकड्या तुकड्यांनी पडताळा: ४००, १२०० आणि २५०. आठवीतली भूमिती अकरावीच्या फिजिक्समध्ये अशी कामाला येते.

दुसरं, पारसिकचा बोगदा. १९१६ सालचा, साधारण १.३ किलोमीटर लांब. माझ्या वेळी जलद लोकल त्यातून जायच्या. बारा डब्यांची गाडी साधारण २६० मीटर धरा, वेग ताशी ७२. गाडीला बोगदा ओलांडायला किती वेळ? पोरं १३०० भागिले २० करतात आणि ६५ सेकंद सांगतात. अरे, ६५ सेकंदांनी मोटरमन उजेडात आला, गार्ड अजून अंधारातच आहे! त्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण अंधार तोच. शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत गाडी १५६० मीटर जाते, ७८ सेकंद. सूत्र दोन्हीकडे तेच आहे. चुकतं ते "कुठून कुठे" यात. फळा_खडू सरांचा पहिला प्रश्न.

आणि ७२ ला पाच अठरांशने गुणायचं विसरू नकोस म्हणावं. मी पाहिलेली अर्धी चुकलेली गणितं तिथेच घसरलेली.

---

चहाबाज | रविवार, दुपारी १:४०

काका, जबरी! वाचनखूण साठवली.

माझ्याकडूनही एक. घोडबंदर रोडने जाताना ट्रॅफिक, ताशी २०. त्याच रस्त्याने रात्री परत, ताशी ६०. सरासरी चाल?

---

प्रतीक्षा_यादी | रविवार, दुपारी १:४४

४०. पुढचा प्रश्न विचारा.

---

सानपाडा_सव्वासात | रविवार, दुपारी १:५८

३०. अंतर दहा किलोमीटर धरा. जाताना अर्धा तास, येताना दहा मिनिटं. चाळीस मिनिटांत वीस किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये तुम्ही जास्त वेळ बसलात, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकते.

---

प्रतीक्षा_यादी | रविवार, दुपारी २:०३

मान्य. जेवून बसायला हवं होतं.

---

गच्चीवरचा | रविवार, रात्री ९:१०

मी ऐरोलीचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी हीच अवस्था होती. मला गतीची समीकरणं जमायची, बल आलं की अंधार. मुख्यतः न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने छळलं. मी रिक्षा ढकलतोय, रिक्षा मला तितक्याच बलाने मागे ढकलतेय, मग ती हलते कशी? दोन्ही कटायला नकोत?

हे कळलं ते तीन हात नाक्यावर, पावसात बंद पडलेली रिक्षा ढकलताना. कटत नाहीत, कारण एक बल रिक्षावर आहे आणि दुसरं माझ्यावर. वेगवेगळ्या खात्यांतले पैसे एकमेकांतून वजा होत नाहीत. रिक्षाचा हिशोब करताना फक्त रिक्षावरची बलं: माझा रेटा पुढे, चाकांचा विरोध मागे. रेटा जास्त, रिक्षा निघाली. माझा हिशोब वेगळा: रिक्षा मला मागे ढकलते, आणि मी पायाने जमीन मागे रेटतो म्हणून जमीन मला पुढे ढकलते. त्या दिवशी पायात गुळगुळीत झालेल्या स्लिपर होत्या आणि खाली चिखल. जमिनीने पुढे ढकलायला नकार दिला. मी मागे घसरलो, रिक्षा जागेवर, रिक्षावाले काका हसतायत. घर्षण म्हणजे नेहमी शत्रू नाही हे तेव्हा समजलं.

त्यामुळे माझी पद्धत: प्रत्येक वस्तूचं वेगळं चित्र. एक ठिपका काढायचा आणि त्या वस्तूला कोण कोण हात लावतंय ते लिहायचं. दोरी, जमीन, टेबल, माझा हात. या धड्यांत हात न लावता ओढणारी एकच, पृथ्वी. "पुढे जाण्याचं बल" असा बाण काढायचा मोह झाला तर विचारायचं, हे कोण लावतंय? नाव सांगता आलं नाही की बाण खोडायचा. फेकलेल्या चेंडूवर हात सोडल्यानंतर हाताचं बल उरत नाही. मी वर्षभर ते काढत होतो.

---

प्रतीक्षा_यादी | रविवार, रात्री ९:३५

छान. तिसऱ्या नियमाचं सोपं उदाहरण टेबलावरचं पुस्तक. पुस्तकाचं वजन खाली ही क्रिया, टेबलाचं बल वर ही प्रतिक्रिया. समान आणि विरुद्ध.

---

गच्चीवरचा | रविवार, रात्री ९:४१

काका, तसं नाही होत. ती दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. जोडी वेगवेगळ्या वस्तूंवर हवी.

---

प्रतीक्षा_यादी | रविवार, रात्री ९:५०

आम्हाला शाळेत असंच शिकवलं. समान आहेत, विरुद्ध आहेत, आणखी काय हवं? उगाच गुंतागुंत करू नये.

---

फळा_खडू | सोमवार, सकाळी ६:४०

मुलगा बरोबर बोलतोय. शाळेत असं शिकवलं गेलं हेही खरं. सुरुवातीची दोन-चार वर्षं मीही असंच शिकवलं, त्या मुलांची मनातल्या मनात माफी मागतो.

पृथ्वी पुस्तकाला ओढते, याची जोडी पुस्तक पृथ्वीला ओढतं ही. पुस्तक टेबलाला दाबतं, याची जोडी टेबल पुस्तकाला वर रेटतं ही. टेबलाचं बल आणि वजन समान असतात ते तिसऱ्या नियमाने नाही. पुस्तक हलत नाहीये म्हणून, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या नियमाने.

हा शब्दच्छल नाही. टेबल लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वर निघताना टेबलाचं बल वजनापेक्षा जास्त होतं. ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असती तर तिसरा नियम लिफ्टमध्ये मोडला असता. तो मोडत नाही, म्हणजे ती जोडीच नव्हती.

---

खारीगावकरीण | सोमवार, रात्री १०:१५

सर, तुम्ही लिफ्ट म्हणालात आणि आज काय झालं ते लिहितेच.

आमच्या चाळीला लिफ्ट नाही. बहीण घोडबंदर रोडला बावीस मजली टॉवरमध्ये राहते. संध्याकाळी क्लासला दांडी मारून माय-लेक वजनकाटा घेऊन तिकडे. पहिली फजिती, बहिणीचा डिजिटल काटा. तो एकदा आकडा दाखवून थिजतो, लिफ्ट हलली तरी ५४ चे ५४च. मग खालच्या मजल्यावरच्या आजींकडून जुना काट्याचा काटा मिळाला, गोल तबकडीचा.

मुलगा त्यावर उभा, मी मोबाइलवर चित्रीकरण करतेय. उभ्या लिफ्टमध्ये ५४. वर निघताना काटा ५८ च्या आसपास गेला आणि लगेच परतला. मधले सगळे मजले अगदी ५४! मला वाटलं होतं वर जातोय तोवर जास्तच दाखवेल. विसावा मजला जवळ आला, लिफ्ट थांबायला लागली तसा ५० कडे घसरला. आम्ही सहा फेऱ्या केल्या. वॉचमनने विचारलं, "मॅडम, पोराचं वजन कमी होत नाहीये का?"

घरी येऊन त्याने स्वतः मांडलं. म्हणाला, "काटा खरं तर मी त्याला किती दाबतोय ते सांगतो." चार किलो जास्त म्हणजे ४० न्यूटन जास्त, भागिले वस्तुमान ५४, त्वरण पाऊण मी/से² च्या जरासं खाली. लिफ्टचं त्वरण! हा आकडा कुठल्या पुस्तकाच्या मागे नाही, म्हणून पडताळून बघायला उत्तरच नव्हतं. त्याने चार वेळा परत केलं.

---

माजी_मोटरमन | सोमवार, रात्री १०:३०

मधले मजले ५४ राहिले, हे लाखातलं निरीक्षण. वेगाला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. शाबास रे पोरा.

---

तूर्तास | मंगळवार, सकाळी ११:२०

थोडं कडू बोलतो. लिफ्टमध्ये फिरणं वगैरे ठीक, पण बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचं, सीईटीचं काय? १०० प्रश्न, ९० मिनिटं, त्यात फिजिक्सचे ५०. एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. तिथे ठिपके आणि बाण काढत बसणार का? म्हणूनच क्लासवाले टाइप पाडतात. माझा मुलगा इंटिग्रेटेडला (क्लास आणि कॉलेज एकत्र) आहे, कॉलेजचं तोंडही पाहत नाही, पण रोज दीडशे प्रश्न सोडवतो. हलके घ्या, पण वस्तुस्थिती ही आहे. शिवाय सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्केच.

---

गच्चीवरचा | मंगळवार, दुपारी १२:०५

मी ती परीक्षा दिलीय म्हणून सांगतो. सरावाला पर्याय नाही, हे मान्य. पण टाइप पाठ असलेला मुलगा प्रश्न जरा वाकडा आला की ५४ सेकंद कुठलं सूत्र हे आठवण्यातच घालवतो. आणि चित्राची सवय असली की अर्धे पर्याय न सोडवताच उडतात. उतरत्या फळीवर वस्तू घसरवणारं बल साइन की कॉस, हे मी आजही पाठ करत नाही. कोन शून्य करतो. फळी आडवी झाली, वस्तू घसरायला नको. शून्याचा कॉस १ असतो, साइन ०. म्हणजे साइन. चार सेकंद.

शिवाय बारावीचा पहिलाच धडा वर्तुळाकार गतीचा. पाया इथलाच. २० टक्के म्हणून सोडलं की तिथे व्याजासकट वसूल होतं.

---

फळा_खडू | मंगळवार, सायंकाळी ५:३०

तूर्तास साहेब, मुलांवर वेळेचा ताण आहे यात शंका नाही. त्यात अभ्यासक्रमाने एक मेख मारून ठेवलीय. फिजिक्सच्या दुसऱ्या धड्यात डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन येतं, तिसऱ्यात ते वापरायचं. गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन भाग दोनमध्ये, पार शेवटाकडे. म्हणजे घोडा जानेवारीत आणि टांगा जुलैत. मुलगा ढ नाही, त्याला हत्यार मिळायच्या आधी लढाईवर पाठवलंय.

यावर तात्पुरता उपाय मोटरमन साहेबांनी सांगितलाच आहे. आलेखाचा चढ म्हणजे डेरिव्हेटिव्ह, आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे इंटिग्रेशन. जानेवारीपर्यंत एवढ्यावर निभावतं. एक इशारा मात्र. गतीची ती तीन समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच चालतात. त्वरण बदलत असताना ती लावणं हा मुलांचा सर्वात आवडता गुन्हा आहे.

आणि ताई, एक काम करा. नववीचं विज्ञानाचं पुस्तक, मराठी माध्यमाचं, बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. पहिलाच धडा 'गतीचे नियम'. तासाभरात वाचून होईल. सेमीच्या मुलांनी व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन हे शब्द व्याख्येसारखे गिळलेले असतात. विस्थापन म्हटलं की 'जागा बदलली' हे ऐकू येतं, डिस्प्लेसमेंटमध्ये त्याला ते ऐकू येत नाही.

---

सानपाडा_सव्वासात | मंगळवार, सायंकाळी ६:१०

मराठी शब्दांबद्दल असहमत. माझ्या भाचीला 'संवेग' ऐकून आणखी गोंधळ झाला, मोमेंटम तिला क्रिकेट कॉमेंट्रीमुळे जवळचा वाटतो. ज्या शब्दाने मुलाला काही दिसतं तो शब्द वापरावा. बाकी सरांना अनुमोदन.

---

फळा_खडू | मंगळवार, सायंकाळी ६:२५

हे पटलं. संवेग मागे घेतो, विस्थापन ठेवतो.

---

खारीगावकरीण | पुढचा रविवार, सायंकाळी ७:००

(आईच्या आयडीवरून मी लिहितोय, तिचा मुलगा.)

सर्व काकांना आणि दादाला थँक्स. मी आणि मित्राने आज दुपारी ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये एक प्रयोग केला. ५० सेंटीमीटर दोरा, टोकाला सायकलचा नट, वरच्या दांड्याला बांधला. मित्राने खाली पट्टी धरली. डबा रिकामा होता, एक आजोबा "पूजा आहे का" म्हणाले.

गाडी सुटताना नट मागे गेला, साधारण अडीच सेंटीमीटर. नट खूप डोलतो, म्हणून आम्ही डोलण्याचा मधला भाग धरला. दोऱ्याचं आडवं खेचणं नटाला त्वरण देतं आणि उभं खेचणं वजन सांभाळतं. त्यामुळे त्वरण भागिले जी म्हणजे २.५ भागिले ५०. त्वरण ०.५ आलं. मोटरमन काकांनी धरलेला आकडा! पूर्ण वेगात दोरा सरळ. ब्रेक लागताना नट पुढे, चार सेंटीमीटर, म्हणजे ०.८. काकांच्या गणितात २० भागिले २५ पण ०.८च येतो. मित्र म्हणाला हे सेटिंग आहे.

आता प्रश्न. ठाणे सोडल्यावर गाडी वळते तिथे नट बाजूला गेला, वळणाच्या बाहेरच्या बाजूला. पण वेग तर साधारण तेवढाच होता. मग त्वरण कुठून आलं? आणि बाहेर ढकलणारं बल कोण लावतंय? मी ठिपका काढला. दोरा आणि पृथ्वी, दोनच नावं येतात.

---

गच्चीवरचा | पुढचा रविवार, सायंकाळी ७:२०

तुझी यादी बरोबर आहे, दोनच. बाहेर ढकलणारं कोणी नाहीये. नट सरळच जाऊ बघतोय, डबा आत वळलाय. आता दोरा तिरपा झालाय, तर तो नटाला कुठल्या बाजूला खेचतोय ते बघ. वेगाचा आकडा तोच असला तरी दिशा बदलली, म्हणजे वेग बदलला. बाकीचं तू काढ, मी सांगत नाही.

---

माजी_मोटरमन | पुढचा रविवार, सायंकाळी ७:३५

वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवलेला असतो, डबाच आत कलतो. तुमची पट्टी डब्याबरोबर कलली होती की नाही, हे हिशोबात घ्या. नाहीतर उत्तर चुकेल आणि नटाला दोष द्याल. दुरुस्ती कशी करायची ते आधी स्वतः सुचव. आणि पुन्हा जाल तेव्हा दाराजवळ उभं राहायचं नाही.

---

खारीगावकरीण | पुढचा रविवार, रात्री ११:१०

आता मी लिहितेय. घरच्या सरांचं तूर्त रद्द केलं. दोघं अजून जमिनीवर बसून डबा किती कलतो यावर भांडतायत. मित्राच्या आईचा दोनदा फोन येऊन गेला. बाथरूममधली पट्टी, पाण्याची बाटली आणि ओळंबा म्हणून घेतलेला माझ्या मंगळसूत्राचा जुना दोरा, सगळं कामाला लागलंय. बाटलीतल्या पाण्याची पातळीही वळणावर नटासारखीच वागेल का, असा नवा वाद सुरू झालाय. सर, जागे असाल तर यावर काही लिहू नका, उद्या सकाळी दोघांना शाळा-कॉलेज आहे.